रडारला न दिसणारा माणूस

रडार अंधारात आणि धुक्यातही पाहते. तेव्हा समुद्रात हरवलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटणार नाही, असा एक भाबडा समज रूढ आहे. वस्तुतः रडारला दिसते ती केवळ परतून आलेली लहर. पोलादी जहाजावरून ती ठसठशीत परतते, लाकडाच्या वा फायबरच्या होडीवरून क्षीण. आणि पाण्यावर वीतभर डोके काढलेल्या माणसावरून जी येते, ती लाटांवरून परतणाऱ्या लहरींच्या गर्दीत बुडून जाते. ही गर्दी सर्वाधिक असते ती वादळात, म्हणजे नेमक्या निकडीच्या वेळी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबईपलीकडील तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाच्या युद्धनौका, विमाने व हेलिकॉप्टरे असूनही शोध दिवसेंदिवस चालला.

यावर उपाय नाही असे नव्हे. हरवलेल्याने रडारला उत्तर द्यावे, एवढेच हवे. बचाव-प्रतिसादक हे छोटे यंत्र रडारची लहर अंगावर येताच स्वतः लहरी सोडते आणि शोधणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर बारा ठिपक्यांची सरळ रांग उमटते. ती लाट समजून कोणी सोडून देणार नाही. परंतु आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याची सक्ती आहे ती परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांना. मच्छीमार नौका त्याबाहेर राहतात.

नोव्हेंबर २०१७ अखेरच्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार बेपत्ता झाले. त्यांच्यापैकी कित्येक नौका भरकटत देवगडला लागल्या, तोवर घरच्यांना त्यांचा पत्ता नव्हता. इस्रोने मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत संकटसंदेश धाडणारे यंत्र सिद्ध केले आहे. २०२४ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत संदेशाची पोचही नौकेवर मिळते. हे स्तुत्यच. पण काटकोनात जोडलेल्या धातूच्या पत्र्यांचा साधा परावर्तक तरी प्रत्येक डोलकाठीवर का नसावा? डिझेलच्या परताव्यासाठी नौकेची कागदपत्रे तपासणाऱ्या खात्याला तेवढे पाहणे जड नाही.

रात्री जाळे ओढताना पाय घसरून पडलेल्या खलाशाला मात्र यांतले काहीच पुरे पडत नाही. त्याच्या अंगावर जाकीट हवे आणि जाकिटाला संदेश देणारे यंत्र. त्याचे पैसे मालकाने भरावेत की सरकारने, यावर खुशाल वाद व्हावा. ते खलाशाच्या वाट्यातून कापले जाऊ नयेत.