आधी वस्तू, मग छपाई, शेवटी रंग

दिवाळी तोंडावर आली की कंपन्या, पतपेढ्या आणि दुकानं भेटवस्तू मागवायला लागतात. पिशवी, बाटली, पेन, डायरी, टी-शर्ट ही यादी वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही, आणि निर्णयाचा क्रमही बदलत नाही. आधी संगणकावरचं बोधचिन्ह पुढे केलं जातं, मग ‘आपला निळा आणि आपला केशरी हुबेहूब यायला हवा’ अशी अट घातली जाते, मग दरावर घासाघीस होते. छपाई कोणत्या पद्धतीची, हा प्रश्न कुणी विचारलाच तर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा आहे. वस्तू कशाची आणि ती कशी वापरली जाणार हे आधी ठरलं पाहिजे, त्यावरून छपाईची पद्धत, आणि त्या पद्धतीत जे रंग टिकतात व वाचता येतात त्यांतून रंग. या क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा एकच रंग पुरतो, आणि काही वस्तूंवर तर शाईची गरजच उरत नाही.

याचा पुरावा मराठी घरांतल्या मांडणीवर कधीचा ठेवलेला आहे. लग्नामुंजीत किंवा वास्तुशांतीला दिलेल्या पितळी आणि स्टीलच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून घ्यायची रीत होती, आणि भांड्यांच्या दुकानातच ते काम होई. रोज घासल्या जाणाऱ्या धातूवर रंग तगणार नाही, कोरलेली रेघ तगेल, हे त्या व्यवहारात गृहीतच होतं. म्हणून कित्येक दशकांपूर्वीची ती नावं आजही वाचता येतात. आजचं लेसरचं काम त्याच जातीचं आहे. रंगाचा थर चढवलेल्या स्टीलच्या बाटलीवर लेसर तेवढ्या जागेपुरता वरचा थर काढून टाकतो आणि खालचा धातू अक्षरांच्या आकारात उघडा पडतो. तिथे शाईच नाही, त्यामुळे ती खरवडून जाण्याचा प्रश्न येत नाही. त्याच बाटलीवर चार रंगांत छापलेलं बोधचिन्ह पिशवीतल्या किल्ल्यांना आणि रोजच्या घासणीला तोंड देत राहतं, आणि त्यातला एखादा रंग उडाला की देणाऱ्याचं नाव अर्धवट पुसलेलं दिसतं. टिकाऊपणाची हमी देणाऱ्या कंपनीने आपल्याच नावाची अशी अवस्था लोकांच्या हाती द्यावी, हे जाहिरातीच्या हिशेबातही बसत नाही.

प्रत्येक पद्धतीचं आपल्या पदार्थाशी नातं असतं आणि ते मोडता येत नाही. सब्लिमेशनमध्ये रंग उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो, म्हणून मॅरेथॉनच्या जर्सीवर तो धुतल्यानेही जात नाही. सुती कापडात मात्र तो धरत नाही, आणि या पद्धतीत पांढरा रंग नसल्यामुळे गडद कापडावर उमटतही नाही. सुती पिशवीला स्क्रीन प्रिंटिंग चांगलं. जाळीतून दाबून उतरवलेली शाई कापडावर जाड बसते आणि नीट पक्की केली तर वर्षानुवर्षं राहते. गोल पेनसाठी पॅड प्रिंटिंग असतं. त्यात सिलिकॉनचा मऊ गोळा कोरलेल्या पाटीवरची शाई उचलून वळणावर टेकवतो, पण जागाच इतकी छोटी की तिथे नावाच्या जोडीला पत्ता आणि घोषवाक्य कोंबलं तर काहीच वाचता येत नाही. टोपीवर किंवा कॉलरच्या टी-शर्टवर भरतकाम उठून दिसतं, मात्र बारीक अक्षरं दोऱ्यात बुजतात आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा सुईला काढता येत नाहीत.

रंगाचा प्रश्न यानंतरचा, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. संगणकाच्या पडद्यावरचा रंग हा प्रकाश असतो, तर छापलेला रंग हा शाई आणि खालचा पदार्थ यांचा मिळून झालेला परिणाम. १९६३ पासून वापरात असलेल्या पॅंटोन कंपनीच्या रंगपुस्तकांतही गुळगुळीत आणि खरखरीत कागदासाठी वेगळे नमुने द्यावे लागतात, कारण तीच शाई दोन्हीकडे वेगळी दिसते. कोऱ्या, पिवळसर मांजरपाटावर फिका निळा हिरवट वाटतो. काळ्या कापडावर पिवळा थेट छापला तर मळकट होतो, त्याखाली आधी पांढरा थर द्यावा लागतो, म्हणजे आणखी एक जाळी आणि आणखी खर्च. तेव्हा ‘हुबेहूब आमचाच रंग’ ही अट पाच वेगवेगळ्या वस्तूंवर पाळता येत नाही. पाळण्यासारखी गोष्ट म्हणजे उजेड-अंधाराचा फरक. गडदावर फिकं किंवा फिक्यावर गडद असेल तर नाव लांबून वाचता येतं. लालावर हिरवं हे लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांसाठी, आणि पांढऱ्यावर पिवळं हे सगळ्यांसाठीच, न छापल्यासारखं.

पैशाचं गणितही याच बाजूचं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते, आणि प्रत्येक वेळी ती नेमकी जुळवून बसवावी लागते. जराशी सरकली तरी कडेला पांढरी फट दिसते. शंभर पिशव्यांच्या कामात चौथ्या रंगावर होणारा खर्च जाड कापडावर आणि पक्क्या शिवणीवर केला, तर पिशवी कितीतरी जास्त वेळा बाजारात जाईल. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आल्यापासून पिशवी ही लोकांना खरोखर हवी असलेली भेट झाली आहे. पण कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात, आणि केंद्राच्या नियमाने ६० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या) आतल्या नॉन-वोव्हन प्लॅस्टिक पिशव्यांना परवानगी नाही. अशा प्लॅस्टिकच्या पिशवीवर पर्यावरणाचा संदेश हिरव्या रंगात छापणं हास्यास्पद आहे. शिवाय जीएसटी कायद्यानुसार भेट म्हणून दिलेल्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक वस्तूचा करासकट भुर्दंड देणाऱ्यालाच.

यावर पहिला आक्षेप असा की रंग हीच ओळख असते. बँकेचा किंवा दुकानाचा रंग लोक नाव वाचण्याआधी ओळखतात. हे खरं आहे, पण तो रंग शाईनेच आणला पाहिजे असं नाही. कंपनीचा रंग निळा असेल तर बाटलीच निळी घ्या, पिशवीचं कापडच निळं रंगवून घ्या आणि त्यावर नाव एकाच पांढऱ्या रंगात टाका. रंगाचा ठसा मोठा उमटतो आणि छपाई साधी राहते. दुसरा आक्षेप तंत्राचा. डीटीएफसारख्या पद्धतीत फिल्मवर छापलेलं चित्र उष्णतेने कापडावर चिकटवतात, कितीही रंग येतात आणि दहा नगही परवडतात. थोड्या नगांसाठी ही सोय नाकारण्याचं कारण नाही. तरी छातीभर चिकटवलेल्या त्या थरातून हवा खेळत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात असा टी-शर्ट कपाटातच पडून राहतो. छोट्या आकारात तेच तंत्र चांगलं काम करतं. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एका सभेपुरतं उपरणं किंवा एका दिवसाची टोपी असेल तर टिकाऊपणाचा विचार गौण, तिथे हवे तेवढे रंग उधळा.

अनेक रंग जिथे शोभतात तिथे ते जरूर असावेत, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरने ही वाटणी फार पूर्वी बरोबर केली आहे. शिवकाशीसारख्या ठिकाणी चित्र चारही रंगांत मोठ्या संख्येने छापलं जातं, खालची पट्टी कोरी ठेवतात, आणि गावातला छापखाना तिच्यावर दुकानाचं नाव बहुधा एका रंगात टाकतो. लोक ते कॅलेंडर तिथीसाठी आणि सणांसाठी वर्षभर टांगतात, आणि दुकानाचं नाव त्या उपयोगाच्या आधाराने वर्षभर दिसतं. भेटवस्तू मागवणाऱ्यांनी हेच सूत्र धरून पुरवठादाराकडे एकच आग्रह धरावा: संगणकावरचं चित्र मंजूर करायचं नाही, त्याच कापडावर किंवा त्याच धातूवर छापलेला खरा नमुना मागायचा, कापड असेल तर तो चार-पाच वेळा धुऊन, बाटली असेल तर घासून पाहायचा आणि मगच होकार द्यायचा. या परीक्षेत जो रंग उतरेल तोच त्या वस्तूपुरता आपला रंग मानावा, मग बोधचिन्हाच्या नियमपुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो.