खुर्चीतील तिन्हीसांजेचे उड्डाण

संगणकावर विमान उडविणे हा पोरखेळ आहे, असे घरातील वडीलधारी मंडळी समजतात. आणि ते उडविणाऱ्यांपैकी काहींना आपण जवळजवळ वैमानिकच झालो, असे वाटू लागते. दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत. त्यासाठी भर दुपारचे, निरभ्र आकाशातील उड्डाण उपयोगाचे नाही. तिन्हीसांजेचे, केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण घ्यावे.

मार्ग मराठी माणसाच्या ओळखीचा निवडावा : नागपूर ते जबलपूर. 1817 पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि तेथील मराठी घरांचे नागपूरशी असलेले नाते आजही तुटलेले नाही. सातपुडा ओलांडून जाणारी रस्त्याची वळणे अनेकांच्या अंगवळणी पडलेली असतील. हवेतून हे अंतर सरळ रेषेत सुमारे 250 किलोमीटर भरते. सिम्युलेटरमधील सेसना 172 या चार आसनी विमानाला साधारण सव्वा तास पुरतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून साडेचारला निघाल्यास सिवनी उजेडात मागे पडते, बरगी धरणाच्या जलाशयावर येईतो सूर्य नुकताच मावळलेला असतो आणि पावणेसहाच्या सुमारास जबलपूरचा डुमना विमानतळ समोर येतो. भारतातील नियमांनुसार नजरेच्या भरवशावर उडण्याची मुभा सर्वसाधारणपणे सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी संपते. हे विमान डुमन्याला पोहोचते ते नेमके त्याच घटकेला.

संधिप्रकाशाचे वैशिष्ट्य असे, की तो पुरेसा आहे असा भास होतो. आकाश अजून उजळ असते, जमीन मात्र काळवंडलेली असते. दूरवरचे दिवे क्षितिजाच्या खाली आहेत की वर, हे कळेनासे होते. अशा वेळी आधार असतो तो व्हीओआर या रेडिओ-दीपस्तंभाचा. जमिनीवरील या केंद्रातून दोन संकेत निघतात. त्यांच्यातील फरकावरून विमान केंद्राच्या कोणत्या दिशेला आहे, हे विमानातील यंत्राला समजते. जणू चाकाच्या तुंब्यातून 360 अदृश्य आरे बाहेर पसरलेले असतात आणि वैमानिकाने त्यांतील एक आरा धरून यावयाचे असते. वारा डावीकडून वाहत असेल, तर विमानाचे नाक थोडे डावीकडे ठेवल्यावाचून काटा मध्यावर राहत नाही. पाहणाऱ्याला विमान तिरके चालल्यासारखे दिसते. वस्तुतः तेच त्याचे सरळ चालणे असते. नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. काटा हलला की तो घाईने वळतो, काटा दुसऱ्या टोकाला जातो, पुन्हा वळतो. सव्वा तासात ही घाई जिरते. डोळे कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वेगमापक, दिशादर्शक असे फेरे घालू लागतात. ही सवय अस्सल असते आणि ती घरच्या खुर्चीतही लागते.

याला इतिहासाची साक्ष आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने 1920 नंतरच्या दशकात वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून विमानाची एक नकली पेटी बनविली. प्रारंभी जत्रेतील करमणूक म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले. 1934 मध्ये अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले आणि खराब हवेत वैमानिक एकापाठोपाठ मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा लष्कराने त्या पेट्या विकत घेतल्या. पोरखेळ ठरविण्याची घाई तेव्हाही झाली होती.

तथापि दुसऱ्या समजुतीचा समाचार अधिक कठोरपणे घ्यावयास हवा. मनुष्याच्या कानात तोल सांभाळणाऱ्या नलिका असतात. विमान संथपणे एकाच बाजूला वळत राहिले, की त्यांतील द्रव काही सेकंदांत स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत, अशी ग्वाही शरीर देऊ लागते. विमान खरोखर सरळ केले, तर उलट बाजूला कलल्यासारखे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये उपकरण-उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या 20 जणांची परीक्षा घेण्यात आली. बाहेरचे दृश्य झाकताच विसांच्या विसांचा ताबा सुटला. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ होता 178 सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाहीत! उपकरण-उड्डाणाची सारी विद्या या खोट्या साक्षीविरुद्ध उभी आहे. घरच्या खुर्चीत मात्र शरीर साक्षच देत नाही. ते स्थिर असते, समोर चहाचा पेला असतो. काट्यावर विश्वास ठेवणे तेथे सोपे जाते, कारण त्या विश्वासाला विरोध करणारे कोणी नसते. ही उणीव महागड्या जॉयस्टिकने वा मोठ्या पडद्यानेही भरून निघत नाही. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यात घरचा एकही तास धरला जात नाही, यात काहीही गैर नाही.

डुमन्याचेच उदाहरण पाहावे. विमानतळाच्या सभोवती जंगल आहे. 4 डिसेंबर 2015 रोजी, अंधार पडल्यावर, मुंबईहून आलेले क्यू-400 जातीचे प्रवासी विमान उतरत असताना धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आडवा आला. धडकेने डाव्या बाजूचे मुख्य चाक कोलमडले आणि विमान घसरत धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्या वैमानिकांचे काटे बिनचूक असते, तरी त्या काट्यांत रानडुकरे दिसणार नव्हती. संगणकातील डुमना हुबेहूब आहे, धावपट्टीचे दिवेही जागच्या जागी आहेत. जंगल मात्र तेथे केवळ चित्रापुरते आहे.

एवढे ध्यानात ठेवले, तर या छंदाची थट्टा करण्याचे कारण उरत नाही. तो करावयाचा तर रीतसर करावा. नकाशावर आपले विमान दाखविणारी खिडकी बंद ठेवावी, आणि पॉजच्या बटणाला हात लावू नये. खऱ्या आकाशात हे बटण नसते, आणि सिम्युलेटरमधील सर्वांत मोठे असत्य तेच आहे. जेवणाची हाक आली, तर घरच्यांनी थोडे थांबावे. काटा हातचा निसटला, बरगीचे पाणी भलत्याच बाजूला दिसू लागले, तरी विमान आहे तेथूनच मार्गावर आणण्याची खटपट करावी. आणि तेही जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी साडेचारला पुन्हा नागपूरहून निघावे.