गोळ्या डब्यात का लपवायच्या?

बीपीच्या गोळ्या आपण फ्रीजवर सगळ्यांना दिसतील अशा ठेवतो. शुगरबद्दल तर हळदीकुंकवातही बोलतो. मग मनाच्या आजाराच्या गोळ्याच तेवढ्या तांदळाच्या डब्यात का लपवायच्या, मैत्रिणींनो?

माझ्या धाकट्या जावेनं त्या तशा लपवल्या होत्या, आणि त्याही माझ्यापासून! बाळंतपणानंतर ती सारखी रडायची, बाळाला जवळ घेईना. ‘आम्ही नाही का दोन-दोन बाळंतपणं काढली? नाटकं नुसती!’ असं मीच बोलले होते. चांगली बी.ए. झालेली मी! आधी अंगारे, मग माहेर, शेवटी डॉक्टर, यात सात महिने गेले. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, तो उपचारांनी बरा होतो, हे तेव्हा कुठे कळलं.

आज गल्लीत एखादी बाळंतीण गप्प-गप्प झाली की माझी जाऊ आधी ओळखते. ती विचारते, ‘झोप लागते का गं?’ मी विचारायचे, ‘तुला काय कमी आहे?’ सोसलेल्या बाईची नजर अशी बदलते. पण तीच जाऊ परवा म्हणाली, ‘वहिनी, लेकीचं लग्न ठरेपर्यंत माझं कुठं बोलू नका हं.’ दुसऱ्याचं दुखणं समजतं, स्वतःचं मात्र अजून लाज वाटून झाकावंसं वाटतं.

तिला भित्री कशी म्हणू? २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, त्यातले बहुतेक उपचारांविना होते. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा, विमाही तसाच द्या. २०२२पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतूनही बोलता येतं. सरकारनं दार उघडलंय, पण उंबरठ्यावर आपणच उभ्या आहोत. स्थळ बघताना ‘त्यांच्यात कुणाचं डोक्याचं आहे का?’ हे विचारणाऱ्या आपणच ना?

जावेची माफी मी मागितली, जरा उशिराच. तुमच्या घरातली एखादी गप्प झाली असेल तर तिला उपदेश करू नका. शेजारी बसा, झोप लागते का विचारा आणि डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा.