डोळे मिटल्याने दुःख जात नाही

ब्रिटनमधील शाळा-महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की हल्ली 'पौर्वात्य तत्त्वज्ञान' पुढे केले जाते. श्वासाकडे लक्ष द्या, विचार येऊ-जाऊ द्या, शांत व्हा! बुद्धाच्या सम्यक् स्मृतीचे 'माइंडफुलनेस' झाले. शील आणि प्रज्ञा वाटेतच गळाली. आपल्या घरांतील आईवडील मात्र बुद्धाचे नाव ऐकूनच हरखतात. या भाबडेपणाला आमचा विरोध आहे.

ध्यान निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून काही प्रौढ रुग्णांना त्याचा लाभ होतो. परंतु सरसकट सर्व मुलांना ही मात्रा देण्याचा प्रयोग याच देशात झाला. ८५ शाळांतील ८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शाळेतील नेहमीच्या भावनिक व सामाजिक शिक्षणापेक्षा अधिक गुण काही दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता!

आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. या उपदेशात दुःखाचे मूळ मुलाच्याच मनात शोधले जाते. आडनावावरून जात हुडकून मैत्रिणींनी जिला दूर सारले, तिने काय श्वास मोजत बसावे? दुसरे 'पौर्वात्य' उत्तर तर विषारीच: पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ! 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा सिद्धान्त बुद्धाच्या माथी मारण्यास नकार दिला आणि धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य व्यवहार, हे ठामपणे मांडले. व्यवहारातले दुःख व्यवहारातच निस्तरावे लागते. २०१३ साली संसदेने समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने तो न करण्याचे जाहीर केले. आपल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याचा हा प्रश्न नव्हे काय?

विनयपिटकात अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तथागतांनी त्याला समाधीचा उपदेश केला नाही. आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले. आपण मात्र, मुलाची झोप उडाली, जेवण सुटले, तो मरणाची भाषा बोलू लागला, तरी 'लोक काय म्हणतील' म्हणून डॉक्टरऐवजी शिबिराचा पत्ता शोधतो. अशा वेळी एक दिवसही दवडू नये.

येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ध्यानवर्गाऐवजी एक तास विद्यार्थ्यांना बोलण्यासाठी राखून ठेवावा, आणि व्यासपीठावर बसणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी त्या तासाला खाली, श्रोत्यांत बसावे.