विश्लेषण : युद्धखेळांतील ‘बग’ वर्षानुवर्षे का रेंगाळतात? मेहकरच्या खेळाडूकडे उपाय काय?

पैसे मोजून संगणकावरचा युद्धखेळ घ्यायचा, आठवडाभर मोहीम चालवायची आणि ऐन लढाईत खेळ बंद पडायचा, हा अनुभव लंडनच्या खेळाडूला येतो तसाच मेहकरच्याही. कंपनीची दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, कधी येईल याचा भरवसा नसतो. हे असे का होते आणि ग्राहक म्हणून खेळाडूच्या हाती काय आहे, याचा हा आढावा.

मराठ्यांच्या खेळात काय बिघडले होते?

ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने मार्च २००९ मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ बाजारात आणला. अठराव्या शतकावरील या खेळात मराठा सत्ता घेऊन खेळता येते. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या बुलढाण्यातील मुलांना त्याचे आकर्षण वाटले तर नवल नाही. पण सुरुवातीच्या आवृत्तीत खेळ मध्येच बंद पडे. त्याहून मोठी उणीव म्हणजे संगणक चालवत असलेल्या सत्ता समुद्रमार्गे सैन्य उतरवत नसत. त्यामुळे मराठ्यांकडून खेळणाऱ्याला जहाजातून चालून येणाऱ्या इंग्रजांची धास्तीच उरली नव्हती. ही सोय नंतरच्या पॅचमधून आली. याच कंपनीचा ‘रोम २’ सप्टेंबर २०१३ मध्ये आला, तेव्हाही तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने माफी मागितली आणि एकामागून एक पॅच दिले. सुधारित ‘एम्परर एडिशन’ मात्र वर्षभराने, सप्टेंबर २०१४ मध्ये मिळाली. जुन्या ग्राहकांना ती मोफत होती.

दुरुस्तीला इतका वेळ का लागतो?

पहिले कारण गुंतागुंतीचे. युद्धखेळात शेकडो तुकड्या, रसद, हवामान, तह आणि करार एकमेकांवर परिणाम करतात. चूक अनेकदा शंभराव्या टर्नला, एका विशिष्ट परिस्थितीतच दिसते. ती पुन्हा घडवून पाहता आली नाही, तर मूळ सापडत नाही. दुसरे, एक आकडा बदलला की दुसरीकडचा तोल ढळतो, शिवाय खेळाडूंनी साठवलेल्या जुन्या मोहिमाही चालू राहाव्या लागतात. तिसरे, या खेळांचा ग्राहकवर्ग लहान असतो आणि अनेक खेळ मोजक्या माणसांच्या चमूकडून तयार होतात. चौथे कारण व्यवहाराचे. प्रकाशनाची तारीख ठरलेली असते आणि पैसा नव्या विक्रीतून येतो. त्यामुळे जुनी चूक सुधारण्यापेक्षा नवा सशुल्क भाग आणण्याकडे कल राहतो. खेळाडूंची खरी चीड इथे आहे.

खेळाडू स्वतः काय करतात?

अनेकदा तेच दुरुस्तीला लागतात. ‘एम्पायर’साठी निक थोमाडिस यांनी केलेला ‘डार्थमॉड’ गाजला. पुढे ते स्वतःच ‘अल्टिमेट जनरल : गेटिसबर्ग’ (२०१४) या युद्धखेळाच्या निर्मितीत उतरले. पण फुकटातली ही मेहनत कंपनीची जबाबदारी संपवत नाही.

पैसे परत मिळतात का?

स्टीम या विक्री-मंचावर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळले असल्यास परतावा मागता येतो. मारधाडीच्या खेळाला हे पुरेसे आहे. युद्धखेळात मात्र २ तास नियम समजून घेण्यातच जातात. चूक दिसेपर्यंत मुदत उलटलेली असते.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक कायद्यात डिजिटल वस्तूंच्या दर्जाची स्वतंत्र तरतूद आहे. सदोष वस्तू वाजवी वेळेत दुरुस्त करून मागता येते, तसे न झाल्यास किंमत कमी करून घेता येते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार आवश्यक अपडेट पुरवणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘ई-कॉमर्स’च्या व्याख्येत डिजिटल उत्पादने येतात, पण पॅच किती दिवसांत द्यावा याची तरतूद नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा भर पैशांच्या खेळांवरील बंदी आणि ई-स्पोर्ट्सच्या मान्यतेवर आहे.

मेहकरहून तक्रार करता येईल?

करता येईल. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल होते. कंपनीचे कार्यालय कुठेही असो, मेहकरच्या ग्राहकाला बुलढाण्याचा आयोग खुला आहे. ऑनलाइन सोय आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही. पावती, खेळाची आवृत्ती, चुकीची छायाचित्रे आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. अडचण आहे ती प्रमाणाची. दोन-तीन हजारांच्या खेळासाठी परदेशी कंपनीशी कोण भांडणार? मुदतीचा नियम कायद्यात येईपर्यंत, पहिले दोन-तीन पॅच येऊ देऊन मगच खरेदी करणे हाच ग्राहकाचा खात्रीचा उपाय आहे.