बाळाच्या कार्डावर आईसाठी एक ओळ

बालरोगतज्ज्ञाने बाळंतपणातील रक्तस्रावावर लेखणी चालवावी, याचे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बंधुभगिनींना कदाचित नवल वाटेल. विषय त्यांचा आहे, अधिकारही त्यांचाच आहे. तथापि प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव थांबला, टाके निघाले आणि बाळंतीण घरी गेली की तिचा स्त्रीरोगतज्ज्ञांशी संबंध बहुधा संपतो. आमच्याशी मात्र तो तेव्हा सुरू होतो. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना, मग दीड वर्ष आणि पुढे पाच वर्षे, अशी ती स्त्री लसीकरणाच्या निमित्ताने आमच्या दारी येत राहते. ती बाळासाठी येते. पण तिच्या मनातला प्रश्न तिच्यासोबत येतो. या प्रश्नाचे उत्तर देण्याची काही जबाबदारी आपणा बालरोगतज्ज्ञांवरही आहे, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रश्न साधा आहे. तीन वर्षांच्या मुलाचा खोकला दाखवायला आलेली एक माता औषधाची चिठ्ठी हाती घेऊनही उठेना. सासूबाई मुलाला घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, याच्या वेळी माझं खूप रक्त गेलं होतं. घरचे दुसऱ्याचं म्हणतात. पुन्हा तसंच होईल का?" तीन वर्षांत तिने हा प्रश्न कोणालाही विचारला नव्हता. रक्त किती गेले, कशामुळे गेले, किती बाटल्या चढवल्या, यांपैकी काहीही तिला ठाऊक नव्हते. हाती कागद नव्हता. होती ती केवळ भीती.

या भीतीला दुर्बलतेचे लक्षण समजू नये. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यानंतर गर्भाशय घट्ट आकुंचन पावले नाही, तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. आपल्याच मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर येथे जून १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या अपत्याच्या जन्मानंतर मरण पावली. तिच्या मृत्यूचे कारण बहुधा रक्तस्रावच असावे, असे मानले जाते. बादशहाच्या छावणीत हकिमांची वाण नव्हती; वाण होती ती ज्ञानाची. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून माणसाचे रक्त माणसाला देण्याचे जे प्रयत्न केले, त्यांमागची प्रेरणाही रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरणाऱ्या बाळंतिणींचीच होती.

आज ज्ञानाची वाण नाही. विशेष म्हणजे त्यातील मोलाची भर आपल्या मराठी मुलखाच्या परिसरातून पडली आहे. आपल्या बालाघाटवरून वाहणारी वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने जाते. त्या गडचिरोलीतील ३९ खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ७७२ स्त्रियांची बाळंतपणे व त्यानंतरचे दिवस त्यांच्या घरी जाऊन नोंदवले. २००४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक स्त्रियांना काही ना काही विकार झालेला आढळला आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण ३.२ टक्के होते. दक्षिणेकडे बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर झालेला मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. परिचारिकेने बाळंतिणीला तोंडाने दिलेल्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. बेळगावच्या त्या अभ्यासात रक्त मोजण्यासाठी खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली होती. नजरेने केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी भरतो, ही गोष्ट तिच्यामुळे ठळक झाली.

पुढे २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे सिद्ध झाले. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालयांत मोजणीची पिशवी, गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, शिरेतून द्रव आणि तपासणी हे सर्व उपाय एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर ५०० मिलिलिटरची वाट न पाहता, ३०० मिलिलिटर रक्त गेले असून नाडी वा रक्तदाब बिघडलेला असेल तर उपचार सुरू करावयाचे आहेत.

म्हणजे प्रसूतीच्या खोलीत काय करावे, हे आपल्याला ठाऊक आहे. रुग्णालयातून घरी गेल्यानंतर काय करावे, याबाबत मात्र कोणीच काही बोलत नाही. आणि नेमक्या याच काळात पुढच्या बाळंतपणाचे भवितव्य ठरत असते.

त्या मातेच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. "पुन्हा तसंच होईल का?" याचे प्रामाणिक उत्तर असे, की संभव वाढतो, पण बहुतेक वेळा तसे होत नाही. स्वीडनमधील २०१४ च्या मोठ्या अभ्यासात पहिल्या खेपेस अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्क्यांना दुसऱ्या खेपेसही तो झाला; ज्यांना पूर्वी झाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. धोका तिप्पट होतो हे खरे, पण शंभरातील पंच्याऐंशी जणींना तो पुन्हा झाला नाही, हेही तितकेच खरे. घाबरलेल्या स्त्रीला दोन्ही आकडे एकाच वेळी सांगितले पाहिजेत. "काही होत नाही, देवावर भरवसा ठेवा" असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच "आता पुन्हा विचारही करू नका" असे सांगणे निष्ठुर.

शिवाय आकड्यापेक्षा कारण अधिक महत्त्वाचे. गर्भाशय सैल पडले होते, की वार अडकून राहिली होती? कुठे जखम झाली होती, की रक्त गोठण्यातच दोष होता? वार अडकणे पुन्हा घडू शकते. पूर्वी सिझेरियन झालेले असून पुढच्या खेपेस वार खाली त्या व्रणावर असेल, तर प्रसूती मोठ्या केंद्रातच व्हायला हवी. रक्त गोठण्याचा दोष आधीच तपासून ठेवता येतो. केवळ जखमेमुळे रक्त गेले असेल, तर भीतीचे कारण पुष्कळ कमी होते. हे उत्तर देण्यासाठी कारण लिहिलेले असावे लागते आणि घोडे नेमके येथेच पेंड खाते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. पुढे सरहद्द आखली गेली. पण सोयरिकी त्या सरहद्दीला जुमानीत नाहीत. गोंदियाची लेक बालाघाटला येते, वाराशिवनीची भंडाऱ्याला जाते. परिणामी ज्या रुग्णालयाने पहिला रक्तस्राव पाहिला, ते एका राज्यात आणि ज्याला दुसरी प्रसूती करायची, ते दुसऱ्या राज्यात, असे होते. डिस्चार्जचा कागद माहेरच्या ट्रंकेत राहतो. नव्या डॉक्टरांना ही बाई "दुसरी खेप, पहिले बाळंतपण नॉर्मल" एवढीच कळते. रक्ताची सोय आधी होत नाही, आणि नदीनाल्यांच्या व जंगलाच्या आपल्या जिल्ह्यात, विशेषतः बैहर-लांजीकडे, ऐनवेळी रक्त मिळवणे म्हणजे काय असते, हे येथील वाचकांना सांगायला नको.

एक कागद मात्र कधी हरवत नाही. तो म्हणजे बाळाचे लसीकरणाचे कार्ड. ते प्लास्टिकच्या पिशवीत जपले जाते, माहेराहून सासरी येते, पुढे शाळेच्या दाखल्यापर्यंत साथ देते. माझी सूचना एवढीच, की त्या कार्डावर आईसाठी एक ओळ असावी: "प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव, अंदाजे इतके रक्त गेले, कारण अमुक, रक्ताच्या इतक्या पिशव्या दिल्या, पुढील प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात." ही ओळ प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी लिहावी. त्यांच्याकडून राहिली असेल, तर दीड महिन्याच्या लसीला आलेल्या मातेला आम्ही विचारावे आणि त्यांच्याकडून माहिती मागवून लिहावी. यात कोणाच्या क्षेत्रात ढवळाढवळ नाही. उपचाराचा निर्णय त्यांचाच. आम्ही केवळ निरोप पोहोचवणारे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मला एका अनुभवी भगिनीने बोलून दाखवला. असे लिहिलेले सासरच्यांनी वाचले, तर "सुनेत दोष आहे" असा शिक्का बसणार नाही का? आपला समाज पाहता ही शंका निराधार नाही. म्हणूनच ही ओळ त्या स्त्रीला विचारून, तिच्या संमतीने लिहावी. तिला कार्डावर नको असेल, तर वेगळा कागद तिच्या हाती द्यावा. आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे, की हा दोष नव्हे, घडलेली घटना आहे. ज्यांना अतिरक्तस्राव होतो, त्यांतील अनेकींमध्ये आधी धोक्याचे कोणतेही चिन्ह नसते. "बाळंतपणात घाण रक्त जायचंच, जाऊ द्या" ही समजूतही याच वेळी दूर करता येते. लपवलेली माहिती सुनेचा मान राखत नाही. ती तिला पुढच्या खेपेस एकटी पाडते.

आमच्या शास्त्राच्या दृष्टीनेही आईच्या रक्तस्रावाची चौकशी आवश्यकच आहे. बाळाचे वजन वाढत नाही, दूध पुरत नाही, अशी तक्रार आली की आपण पाजण्याची पद्धत पाहतो; ते योग्यच. पण खूप रक्त गेलेल्या मातेला दूध उशिरा येऊ शकते. दूध मुळीच आले नाही, पुढे पाळीही सुरू झाली नाही, थकवा जात नाही, असे असेल तर पीयूषिका ग्रंथीला इजा झाली असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णिलेला हा विकार क्वचित दिसतो, पण दिसलाच तर अनेकदा तो प्रथम बाळाच्या डॉक्टरांपुढेच येतो. अशा मातेला पावडरचा डबा लिहून देऊन भागत नाही.

आणि लोहाचा हिशेब तर सरळ आहे. हिमोग्लोबिन १० असलेल्या स्त्रीचे एक लिटर रक्त गेले, तर त्याबरोबर सुमारे ३४० मिलिग्रॅम लोह जाते. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून दहावा भाग शोषला गेला असे धरले, तरी केवळ ही तूट भरायला दोन महिने लागतात. मूळची कमतरता वेगळीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. आपल्या भागात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, असे शासनाचे धोरण आहे. प्रत्यक्षात बाळंतविडा संपण्याआधीच गोळ्या संपतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू अवश्य खावेत, पण ते गोळीची जागा घेत नाहीत. दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचे तेही यासाठीच. जन्मानंतर किमान २४ महिने पुढची गर्भधारणा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाच्या बाळाला कडेवर घेऊन आलेल्या मातेला ही गोष्ट सांगायला आमच्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कोणाला लाभणार?

२०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३, तर मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्याची नोंद आहे. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन बहिणींच्या नशिबात एवढे अंतर असावे, हे आपल्यासारख्या सुशिक्षित समाजाला शोभणारे नाही.

म्हणून आपल्या मंडळातील सर्व व्यावसायिकांना माझी विनंती आहे. लसीकरणाच्या पहिल्या भेटीत प्रत्येक मातेला एक प्रश्न विचारावा: "बाळंतपणात रक्त जास्त गेले होते का?" उत्तर होकारार्थी असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे, ती ओळ लिहावी आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मंडळातील तरुणांनी रक्तदात्यांची गटवार यादी तयार ठेवावी. आणि घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी सुनेला "दुसरं कधी?" असे विचारण्याआधी "पहिल्या वेळी तुला काय सोसावं लागलं?" असे विचारावे. तिने सांगितले, तर ते शांतपणे ऐकून घ्यावे आणि पुढच्या खेपेस तो कागद घेऊन तिच्यासोबत रुग्णालयात जावे.