बारा एकरचा धनी, कोर्टात भूमिहीन

लग्नसराईत माइक कुणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो. यंदा आमच्या किन्हीराजाच्या शिवेवरच्या एका मांडवात तो एका जाणत्या गृहस्थांच्या हाती गेला, आणि त्यांनी आशीर्वाद द्यायचे सोडून घटस्फोटाच्या कायद्यावर प्रवचन सुरू केलं. मांडणी सोपी होती. हल्ली कोर्ट बाईला नवऱ्याची अर्धी जमीन काढून देतं. म्हणून सुना वर्षभर नांदतात, केस टाकतात आणि वावर घेऊन माहेरी जातात. माहेरी बापाचा हिस्सा, सासरी नवऱ्याचा, म्हणजे दोन्ही हातांनी ओरपायचं. जमिनीचे तुकडे होतात. आणि बापजाद्यांच्या मातीवर काल आलेल्या पोरीचा हक्क कसला? गृहस्थांनी हे थोड्या सभ्य शब्दांत सांगितलं असेल, पण सार एवढंच. टाळ्या पडल्या, बायकांच्या बाजूनंही पडल्या.

तर मला त्या कोर्टाचा पत्ता हवा आहे. अर्धी जमीन काढून देणारं कोर्ट वाशिमला नाही, अकोल्याला नाही, नागपूरच्या खंडपीठातही नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मालमत्तेबद्दल मोजून एक कलम आहे, 27 वं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंचं काय करायचं, ते कोर्टानं ठरवावं, इतकंच ते म्हणतं. म्हणजे आंदणातलं लोखंडी कपाट, पलंग, कूलर, भांडी. पाच एकर वावर कुणी अक्षतांबरोबर टाकत नाही. 25 वं कलम कायम पोटगीचं. ती ठरवताना नवऱ्याची मिळकत पाहतात आणि गरज पडली तर पोटगीचा बोजा त्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवतात. बोजा चढला म्हणून जमीन तिची होत नाही. सोसायटीच्या कर्जासारखी ‘इतर अधिकार’च्या रकान्यात एक ओळ वाढते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला राहत्या घरातून हुसकायला मनाई केली, आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा दावा चालतो हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या ऑक्टोबरात सांगितलं. पण तो हक्क राहण्याचा. मालकीचा नाही.

नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद एकदा खरंच आली होती. ते विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली तेव्हा बारगळलं. गृहस्थ ज्या कायद्याला घाबरतात तो जन्मालाच आलेला नाही. उरली गृहस्थांनी भाषणात सांगितलेली मुंबईची बातमी: अठरा महिन्यांच्या संसारापोटी बारा कोटी, फ्लॅट आणि बीएमडब्ल्यू मागणारी बाई. ती बातमी 2025 च्या जुलैतली आहे, खरी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या मागणीवर तिलाच सुनावलं होतं. आमच्या मालेगाव तालुक्यात किती जणांकडे बीएमडब्ल्यू आहे ते गृहस्थांनी सांगावं, मग पुढं बोलू.

आता माझा खरा राग जिथं आहे तिथं येतो. कुणाची जमीन कोण नेतं, हे पाहायचं असेल तर दोन कागद शेजारी शेजारी ठेवावेत. पहिला, लग्नाआधी पाहुण्यांत फिरणारा बायोडाटा. वर गणपती, खाली मुलाचा निळ्या पडद्यापुढचा फोटो. शेती: 12 एकर, विहीर, बोअर, ठिबक. घर: स्लॅबचं. भावंडं: एकुलता एक, म्हणजे वाटेकरी नाही, हे न लिहिताही कळावं. नोकरी नसलेल्या पोराला आमच्याकडे मुलगी मिळेनाशी झाल्यापासून या कागदावरची एकरं वाढतच चालली आहेत. मुलीचा बाप ही एकरं पाहून होकार देतो, आणि तिच्या अंगावरचं सोनं किती असावं हेही त्याच एकरांवर ठरतं.

दुसरा कागद पाच-सात वर्षांनी कोर्टात येतो. 2020 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत आणि देणी शपथेवर लिहून द्यायची. त्या शपथपत्रात हाच एकुलता एक धनी लिहितो: शेतजमीन, निरंक. घर, निरंक. व्यवसाय, मोलमजुरी. विचारलं तर उत्तर तयार: “मायावर काहीच नाही साहेब, सारं बुढ्याच्या नावानं हाये.” बुढा खरोखरच सातबाऱ्यावर आहे. ठिबकचं अनुदान, पीकविमा, सोसायटीचं कर्ज, सगळं बुढ्याच्या नावानं. पोरगा त्या बारा एकरांत सोयाबीन पेरतो, तूर काढतो, माल विकतो, आणि कागदावर तो बापाचा बिनपगारी सालदार.

इथवर निदान जुनी रीत म्हणता येईल. केस पडल्यावर जे होतं त्याला रीत म्हणत नाहीत. पेपरात जाहीर नोटीस येते की मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. ज्याचं थोडंफार नावावर असतं तो हक्कसोडपत्र करून भावाला देऊन टाकतो. बाप घाईनं मृत्युपत्र करतो आणि त्यात नातवाचं नाव घालतो, सुनेचं टाळतो. वकिलाला विचारलं तर तो सांगेल की वडिलोपार्जित जमिनीत पोराचा हिस्सा जन्मतःच असतो, पेपरातल्या नोटिशीनं तो उडत नाही. फुकटात दुसऱ्याच्या नावावर केली तरी पोटगीचा हक्क जमिनीच्या मागे जातो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 39 वं कलम 1882 पासून सांगतं आहे. पण हे सिद्ध कुणी करायचं? जिला फेरफाराची नक्कल कुठं मिळते हे माहीत नाही तिनं. किन्हीराजाहून वाशिमला एसटीनं जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि साहेब रजेवर म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचं. दोन-तीन वर्षांत ती थकते. मग पंच बैठक बसवतात, एकरकमी आकडा ठरतो, तिचं सोनं त्यातच धरलेलं असतं, आणि ती सही करते. कोर्ट त्या तडजोडीवर शिक्का मारतं. जमिनीची वाटणी होते ती अशी.

त्यात आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला मिळाला, तो सातबाऱ्यावरच्या नावांना. त्या पैशांचे स्लॅब पडले, ट्रॅक्टर आले, शहरगावी प्लॉट झाले. लग्नानंतर, दोघांच्या डोळ्यांदेखत आलेली ही दौलत. तिच्यावर बायकोचा हक्क किती? जेवढा त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रवाशाचा.

गृहस्थांचे बाकीचे मुद्दे लवकर आवरतो. तुकडे पडतात म्हणे. चार भाऊ वाटणी मागतात तेव्हा 1947 चा तुकडेबंदी कायदा कुणाला आठवत नाही, आणि वाटा जमिनीतच द्यावा असं कुणी म्हटलेलंही नाही, किमतीत द्या. खोट्या केसेस असतात. असतात, खोटं खरेदीखतही असतं, म्हणून दुय्यम निबंधकाचं कार्यालय बंद केलेलं नाही.

‘माहेरीही मिळतं’ हा मुद्दा मात्र मला फार जुना परिचयाचा आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये लेकींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला, देशानं 2005 मध्ये दिला, तेव्हाही अशीच भाषणं झाली होती. भावा-बहिणीचं नातं तुटेल, राखीला कुणी येणार नाही. त्याच्याही आधी हिंदू कोड बिलाच्या वेळी कुटुंबसंस्था बुडणार होती. ती बुडाली नाही, बहिणीच बुडाल्या. बाप वारला की तेरवीनंतर भाऊ बहिणींना गाडीत घालून तालुक्याला नेतो, हक्कसोडपत्रावर अंगठे घेतो आणि साडीचोळी करून परत पाठवतो. माहेरी भाऊ म्हणतो, तुला सासरी आहे. सासरी नवरा म्हणतो, तुला माहेरी आहे. आणि हे दोघं मिळून म्हणतात की बायका दोन्हीकडून घेतात!

राहिली बापजाद्यांची माती आणि काल आलेली पोरगी. बाप आणि पोरं वाटणीला बसली तर बापाच्या बायकोला पोराइतका हिस्सा निघतो, हे आपल्याकडचं जुनं हिंदू शास्त्रच सांगतं. फक्त वाटणी मागायची सोय तिला नाही. आणि ही काल आलेली पोरगी करते काय? सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात गुंतलेल्या बाईचा दिवसाचा वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषाचा 97. निंदण, वेचणी, बियाण्याची उस्तवार हे त्याहून वेगळं. सातबाऱ्यात सातवर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव, बारावर सोयाबीन. दोन्हीकडे ती नाही. तिच्या कामाला कोर्ट किंमत देतं, पण कधी? ती ट्रकखाली गेली तर. अपघाताची भरपाई ठरवताना गृहिणीचं काम पैशांत मोजावंच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 च्या जानेवारीत पुन्हा बजावलं. मेली की कमावती, जिवंत सोडली की परावलंबी. मद्रास उच्च न्यायालयानं 2023 मध्ये नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत गृहिणीचा समान वाटा मानला खरा, पण तो खटला घटस्फोटाचा नव्हता आणि तो निकाल अजून कायदा झालेला नाही. फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो म्हणून तिचं एकटीचं नाव लावायला मात्र कुणाची ना नसते.

मग हवं काय? फार काही नाही. लग्नानंतर घेतलेलं घर, प्लॉट, वावर कुणाच्याही नावावर असो, संसार मोडताना निम्मं निम्मं. वडिलोपार्जित जमीन बाजूला ठेवा, पण नवऱ्याचा हिस्सा मोजा आणि त्यावर बोजा चढवा. हे परदेशातून आणायचं नाही. शेजारच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात, आणि घरदार विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. तिथंही कागदावरचं सगळं बाईच्या हाती येतं असं नाही. पण सहीसाठी तिला बोलवावं तरी लागतं.

कायदा होईल तेव्हा होईल. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी बायांचं अधिवेशन भरलं, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ उठली आणि गावोगावच्या नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. 1992 मध्ये सरकारनंही त्याच नावाची योजना काढली: नवऱ्यानं राजीखुशीनं अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर चढवून घ्यायचं. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावं लावता येतात. यात ना कोर्ट आहे, ना खोटी केस, ना तुकडा. खरिपाच्या पीककर्जाच्या कागदांसाठी अनेक जण तलाठ्याकडे जातातच. त्याच फेरीत हा अर्ज देता येतो.